टवका उडालेली वाटी

नेनेबाई कुणी केलेला अपमान कधी विसरत नसत, आणि आपण तो विसरलेल्या नाही हे समोरच्यालाही विसरू देत नसत. दिल्लीत, मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत गणपतीच्या जेवणाला वरच्या मजल्यावरचे खन्ना एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "आप मराठी लोग तो दाल में भी चीनी डालते हो, कमाल है!" सगळे हसले. नेनेबाईही हसल्या, त्यांना आग्रहाने आणखी एक वाटी आमटी वाढली. पुढे बऱ्याच महिन्यांनी खन्नांच्या मुलीचा साखरपुडा झाला, तेव्हा बाईंनी घरी केलेलं श्रीखंड मोठ्या डब्यातून पाठवलं. केशर होतं, वेलची होती, वरून चारोळ्या होत्या. साखर तेवढी नव्हती. खन्ना डबा परत द्यायला आले तेव्हा बाई दारातच म्हणाल्या, "आपको चीनी पसंद नहीं ना भाईसाब, इसलिए खास बनाया."

मी त्यांना म्हटलं, "बाई, सोडून द्यायचं होतं हो. साधा माणूस आहे."

"सोडून देणं, माफ करणं ही देवाची कामं आहेत साळवे. त्याला नैवेद्य मिळतो त्याबद्दल. मला कोण देतंय?"

मानेसरच्या एका डेअरी कंपनीत त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली. कंपनीचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर त्यांची फुकट जाहिरात होईल, आणि बाई वरून माझ्याकडे बघतील. रोज सकाळी आम्ही दोघी मेट्रोने द्वारकेला जायचो आणि तिथून कंपनीच्या बसने कारखान्यात. या प्रवासात बाई दिल्लीत आजवर कुणाकुणाशी त्यांचा हिशेब व्हायचा राहिलाय ते मला सांगत. त्यात रिक्षावाले होते, दोन शाळामास्तर होते, पासपोर्ट ऑफिसातला एक कारकून होता. आणि सगळ्यात वरचं, कायमचं नाव त्यांच्या सासूबाईंचं, म्हणजे माईंचं होतं.

माई कजाग होत्या. हे मी ऐकीव लिहीत नाही, मी त्यांची बोलणी खाल्लेली आहेत. त्यांचे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत बदलून दिल्लीला आले, तेव्हा माईंनी रत्नागिरीहून आगगाडीत मांडीवर एक काळ्या दगडाची वाटी आणली होती. वाटीत विरजण. ते त्यांच्या आईचं, आणि आईच्या आईचंही असेल. दिल्लीच्या थंडीत ती वाटी त्या गव्हाच्या डब्यात खुपसून ठेवत. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये नवी नवरी होऊन आलेल्या नेनेबाईंच्या हातून ती वाटी पहिल्याच आठवड्यात मोरीत पडली आणि कडेचा टवका उडाला. पुढे सूनबाईंनी एमएस्सी केलं, नोकरी धरली, प्रयोगशाळेच्या प्रमुख झाल्या, तरी माई पाहुण्यांना ओळख करून देत ती अशीच, "ही आमची सून. वाटीचा टवका हिने उडवला."

पण विरजणाच्या बाबतीत माईंचे दोन नियम होते आणि ते त्यांनी जन्मभर पाळले. मागायला आलेल्याला परत पाठवायचं नाही. आणि ज्याने नेलं त्याने आपलं पहिलं दही लागलं की त्यातलं वाटीभर स्वतः आणून द्यायचं. रिकाम्या हाताने नाही आणि दुसऱ्याच्या हाती तर नाहीच. आम्ही ख्रिश्चन; या सोसायटीत आल्यावर माझी आई पहिल्यांदा विरजण मागायला गेली ती जरा चाचरतच. माई म्हणाल्या, "दुधाला कसली आलीय जात? भांडं मात्र घासून आणा, बायका घाईत साबण ठेवतात." दुसऱ्या दिवशी आई वाटीभर दही घेऊन गेली. माईंनी चाखलं आणि म्हणाल्या, "लागलंय. पण दूध पातळ घेता तुम्ही." आईने त्याच दिवशी दूधवाला बदलला.

कंपनी नवी होती तेव्हा तिचं दही कुणाच्या घशाखाली उतरत नव्हतं. परदेशातून विरजणाच्या पुड्या यायच्या, त्या दुधात टाकायच्या, की खडूच्या पाण्यासारखं काहीतरी तयार व्हायचं. कंपनीचे मालक, बडे साहेब, रडकुंडीला आले होते. गोड माणूस होता तो. कॅन्टीनमध्ये आमच्या शेजारी बसून जेवायचा. एकदा नेनेबाईंच्या डब्यातलं दही त्यांनी चाखलं आणि चमचा खाली ठेवला. "मैडम, ये कहाँ का है?"

"घर का. सास का."

"मिल सकता है?"

बाईंनी घरी येऊन विचारलं. माई म्हणाल्या, "कारखान्याला विरजण? काय काय बघायला मिळतंय! पण मागितलंय म्हणतेस, तर नाही कसं म्हणू? त्याला सांग, पहिलं दही लागलं की घेऊन ये म्हणावं. स्वतः."

ती काळी वाटी अशी मानेसरला गेली. आम्ही प्रयोगशाळेत त्यातले जंतू वेगळे केले, वाढवले, जपले. पुढच्या सगळ्या वर्षांत कंपनीने जे काही दही विकलं, ज्या दह्यावर कारखान्याचे नवे मजले चढले, ते सगळं त्या वाटीतलं. पहिल्या लॉटमधला कप नेनेबाई घरी घेऊन गेल्या तर माईंनी तो बाजूला सारला. "हा तू आणलास. नेलं कुणी? त्याने आणायला हवा." बडे साहेब "आता हूँ, बस आता हूँ" म्हणत राहिले. मग त्यांना अर्धांगवायू झाला आणि खुर्चीवर त्यांचे चिरंजीव आले.

छोटे साहेब परदेशात शिकून आले होते. त्यांनी आल्या आल्या दही लागल्यावर ते पुन्हा तापवायचं ठरवलं, म्हणजे कपात ते जास्त दिवस टिकतं. टिकतं, कारण त्यात जे जिवंत असतं ते मरतं. असल्या दह्याने दुसरं दूध लागत नाही. नेनेबाई मीटिंगमध्ये म्हणाल्या, "सर, ये दही नहीं है, दही की डेड बॉडी है." दोन महिन्यांत त्यांना सन्मानाने रिटायर केलं गेलं. जाताना त्यांनी वाटी मागितली. स्टोअरवाल्याने सांगितलं, ती कंपनीच्या सामानाच्या यादीत चढलेली आहे, वरून परवानगी लागेल. ती परवानगी कधी आली नाही.

त्याच हिवाळ्यात माई गेल्या. शेवटच्या दिवसांत त्यांना माणसं ओळखू येत नव्हती, पण दाराची बेल वाजली की विचारत, "तो दहीवाला आला का गं?" नेनेबाई सांगत, "येतोय माई, ट्रॅफिकमध्ये आहे." सासूशी त्या जन्मात तेवढं एकच खोटं बोलल्या असतील. मला म्हणाल्या, "साळवे, या बाईने मला सुखाने एक घास खाऊ दिला नाही. पण तिचं कुणी बुडवलेलं मला चालत नाही. तिचं बुडवायचा हक्क फक्त माझा होता, आणि मीसुद्धा तो कधी वापरला नाही."

यानंतर काही वर्षांनी कंपनीच्या जाहिरातीची ती फिल्म आली. मीही तोवर नोकरी सोडली होती; बाजारातून परतताना, मेट्रोत यमुना ओलांडत असताना मी बाईंना ती फोनवर दाखवली. फाळणी. धूर, आगगाडी, पळणारी माणसं. एक देखणी, सोज्वळ म्हातारी, बीजी म्हणजे पंजाबी आजी, डोक्यावर ओढणी, दही माखून वाळवलेलं फडकं पोटाशी बांधून लाहोरहून निघते. दिल्लीच्या तंबूत ते फडकं दुधात बुडवते. सकाळी दही लागलेलं असतं आणि तिच्या डोळ्यांत पाणी. मग नातू, म्हणजे छोटे साहेब, सुटाबुटात. खाली अक्षरं येतात: बीजींची पुरचुंडी, आजही जिवंत. आणि शेवटी, हळूहळू जवळ येणारी, मंद उजेडातली ती काळी दगडी वाटी, टवक्यासकट.

बडे साहेबांचं घराणं मूळचं मेरठचं. ते स्वतः कॅन्टीनमध्ये सांगायचे, "हमारे यहाँ तो दही नुक्कड़ के हलवाई से आता था, माँ को जमाना आता ही नहीं था." लाहोर त्या घरातल्या कुणी नकाशातही शोधलं नसेल. आमच्या सोसायटीत चोप्रा आंटी आहेत, त्यांची आई खरोखर सगळं टाकून सीमा ओलांडून आली होती. त्यांनी ती फिल्म बघितली आणि फोन उलटा ठेवला. म्हणाल्या, "हमारी माँ ने तो दुपट्टे में बच्चे बाँधे थे बेटा, दही नहीं."

मेट्रोत नेनेबाईंनी अक्षरधाम स्टेशन जाईपर्यंत ती फिल्म पुन्हा पुन्हा लावली. त्यांच्या नाकपुड्या तेवढ्या हलत होत्या. मग म्हणाल्या, "माझी सासू कजाग होती. पण ती माझी कजाग सासू होती. तिच्या डोक्यावर ओढणी घालून, तिला गरीब गाय करून विकतात? माई एवढं गोड जन्मात हसल्या नाहीत कुणाकडे बघून!" आपण चोरी झाली म्हणून चिडलो असतो. बाई चिडल्या त्या माईंना गोड केलं म्हणून.

पुढच्याच महिन्यात कंपनीच्या ब्रँड विभागातली तन्वी नावाची एक चुणचुणीत मुलगी नेनेबाईंच्या घरी आली. कंपनीने मानेसरला 'विरासत' नावाचं दालन उभारलं होतं, आणि बीजींच्या नावाचं महागडं दही बाजारात आणायचं होतं. उद्घाटनाला जुने कर्मचारी मंचावर हवे होते. "आंटी, आपको बस इतना बोलना है कि ये जामन आपने बीजी की विरासत समझ के सँभाला. दो लाइन. बाक़ी हम देख लेंगे." जामन म्हणजे तेच, माईंचं विरजण.

मला वाटलं, बाई तिला जिन्यावरून खाली पाठवतील. त्यांनी चहा ठेवला. म्हणाल्या, "ज़रूर आऊँगी. बिल्कुल आऊँगी." तन्वी गेल्यावर मी विचारलं, "बाई, अहो हे काय?" तर म्हणाल्या, "घरात बसून शिव्या दिल्या तर भिंती ऐकतात. त्यांनी माइक आणून दिलाय, साळवे. मागायला आलेल्याला मी परत पाठवते होय?"

माईंचं विरजण बाईंच्या घरी अर्थातच चालू होतं. वाटी गेली होती, विरजण थोडंच गेलं होतं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्यांनी मोठ्या पातेल्यात दही लावलं. मी सदर बाजारातून झाकणाच्या छोट्या डब्या आणल्या. सकाळी आम्ही दोघींनी चमचा चमचा करून त्या भरल्या आणि दोन पिशव्या घेऊन कंपनीने पाठवलेल्या गाडीतून, कंपनीच्या पेट्रोलवर, मानेसरला गेलो. बाईंनी माईंचं जुनं इरकल नेसलं होतं.

दालन झकास होतं. काचेच्या कपाटात, मखमलीवर वाटी. खाली पाटी होती, की सीमा ओलांडताना झालेल्या धावपळीत या वाटीचा टवका उडाला. बाईंनी ती पाटी दोनदा वाचली. इतक्या आनंदी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

सभागृहात डीलर होते, दुकानदार होते, पत्रकार होते. छोटे साहेबांनी बाईंना वाकून नमस्कार केला, तेव्हा फोटो निघाले. बाईंनी माइक हातात घेतला आणि शांतपणे सुरुवात केली. "नमस्ते. वो जो कटोरी बाहर रखी है, उसका टुकड़ा मैंने तोड़ा था. सरोजिनी नगर के क्वार्टर में, मोरी में. उसके लिए मेरी सास ने मुझे मरते दम तक सुनाया." लोक हसले. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. "ये जामन उन्हीं का है. इंदिरा नेने नाम था. रत्नागिरी से लाई थीं. बहुत कड़क थीं, बीजी जैसी बिल्कुल नहीं थीं. साहब के पिताजी माँग के ले गए थे. शर्त एक ही थी, कि पहला दही ख़ुद लाके देंगे. वो आज तक नहीं आया."

कुणीतरी संगीत सुरू केलं. बाईंनी आवाज चढवला. प्रयोगशाळेत मशिनं चालू असताना बोलायची सवय होती त्यांना. "और इनका दही ज़िंदा नहीं है. घर जाके दूध में डालके देखना, दूध ही रहेगा. हम असली वाला लाए हैं, ले जाइए. एक बार जमाओगे तो दोबारा ख़रीदना नहीं पड़ेगा. पड़ोसी को भी देना." मी दाराशी उभी राहून डब्या वाटायला लागले. पहिला हात एका डीलरचाच पुढे आला. "मैडम, दो दे दो, बहन को भी दूँगा."

छोटे साहेबांचा चेहरा मला अजून आठवतो. मी तो मुद्दाम आठवते, कंटाळा आला की.

पण कंपन्यांचं पोट मोठं असतं, त्यात सगळं जिरतं. आठवड्याभरात त्यांच्या पानावर उद्घाटनाचा व्हिडिओ आला. त्यात नेनेबाई नमस्कार करतात, हसतात, ओठ हलतात, वर सतारीचे सूर. आवाज काढून टाकलेला. खाली लिहिलेलं, 'बीजींच्या विरासतीच्या राखणदार'. बाईंनी तो बघितला आणि पहिल्यांदाच मला त्या म्हाताऱ्या दिसल्या. "साळवे, मी हसायला नको होतं गं," एवढंच म्हणाल्या.

मात्र विरजण चाललं. आमच्या सोसायटीतून पलीकडच्या, तिथून नॉयडाला, डीलरच्या बहिणीकडून रोहतकला. खालचा किराणावाला तक्रार करायचा, "आंटी, आपने तो धंधा ही बैठा दिया, कप कोई उठाता ही नहीं." लोक वाटीभर दही घेऊन बाईंच्या दारात यायचे. बाई चाखायच्या आणि माईंच्याच सुरात काहीतरी खोट काढायच्या. मी म्हटलं, "आता तरी राग गेला ना?" तर म्हणाल्या, "वाटी तिथेच आहे. ती घरी आल्याशिवाय मी मरायचीसुद्धा नाही." एवढा एकच शब्द त्यांना पाळता आला नाही. गेल्या थंडीत, साध्या तापाचं निमित्त होऊन, त्या गेल्या. माझ्या हातात हात होता. म्हणाल्या, "विरजण तुझ्याकडे. माईंचे नियम तुला माहीत आहेत. त्यात माझा एक घाल. परत पाठवायचं नाही हे खरं. पण आधी दारात उभं करायचं."

तेराव्याला तन्वी माझ्याकडे आली, पांढरी फुलं घेऊन. बाईंच्या मुलाने टोरांटोहून तिला कळवलं होतं, की आईचे फोटो साळवे मावशींकडे आहेत, त्या म्हणतील तसं. कंपनीला नवी फिल्म करायची होती. एक साधी मराठी आंटी, आयुष्यभर बीजींचं स्वप्न जपणारी. "बहुत इमोशनल है आंटी, आप रो पड़ेंगी."

मी रडले नाही. मी म्हटलं, "पहले कटोरी लाओ."

चार दिवसांनी ती वाटी घेऊन आली, चकचकीत, तेल लावून पुसलेली. मी दारातच सांगितलं, "ख़ाली? हमारे यहाँ बर्तन ख़ाली नहीं लौटाते." ती गेली आणि दुसऱ्या दिवशी वाटीत बीजींचं महागडं दही भरून आली. मग मी तिला आत घेतलं. तिच्यासमोर दूध तापवलं, कोमट केलं, त्या वाटीतलं चमचाभर दही घालून ढवळलं, झाकण ठेवलं. "कल आना. जम गया तो सारी फ़ोटो ले जाना. आपकी फ़िल्म में लिखा है ना, आज भी ज़िंदा?"

दुसऱ्या दिवशी मी तिच्याच हाताने झाकण काढवलं. भांडं कलवलं तर दूध या काठावरून त्या काठावर गेलं. नुसतं दूध. तिने झाकण परत ठेवलं. मग हळूच म्हणाली, "आंटी, सर को असल में ओरिजिनल कल्चर चाहिए. लैब में अब बचा नहीं है, बाहर के पैकेट से काम चल रहा है. फ़ोटो के साथ वो भी..."

"फ़ोटो नहीं मिलेगी. कटोरी हमारी थी, घर आ गई. और जामन चाहिए तो साहब से कहना, ख़ुद आएँ माँगने."

माईंचं विरजण आता पुन्हा त्या वाटीत आहे, टवक्याची बाजू भिंतीकडे करून, कारण नेनेबाई तशीच ठेवायच्या. छोटे साहेबांचा फोन दोनदा येऊन गेला. येणार आहेत म्हणे, वेळ काढून. आले तर देईन. मागायला आलेल्याला परत पाठवायचं नाही. आमचा मजला तिसरा आहे आणि सोसायटीला लिफ्ट नाही. दाराबाहेर एक जुनी खुर्ची असायची, चोप्रा आंटी जिना चढून आल्या की टेकायला. ती मी आत घेतली आहे.